आमची वाटचाल : बिनठशाच्या किटल्या

दुकान सुरू झालं ते तळावर कारखान्याचा ठसा असलेल्या जुन्या इंग्लिश चहाच्या किटल्यांवर. ठसा दिसला की कारखाना कळला, असा हिशोब. तो लवकरच चुकला. 'वेजवुड'च्या स्पेलिंगमध्ये 'जी'नंतर एक 'ई' जास्त असला तर माल स्टॉकटनच्या विल्यम स्मिथचा. पुढे 'अँड कंपनी' असेल तर तोही खऱ्या वेजवुडच्या इट्रुरिया कारखान्याचा नव्हे. १८४२ ते १८८३ मधला पत्त्यातल्या चौकटच्या आकाराचा नोंदणी-ठसा डिझाइन कधी नोंदलं ते सांगतो, किटली कधी भाजली ते नाही. तळावर 'इंग्लंड' असेल तर ती बहुधा १८९१ नंतरची; मालावर मूळ देशाचं नाव मागणाऱ्या अमेरिकेच्या जकात कायद्याची ती करामत.

आता निम्म्याहून जास्त काम १७८० ते १८३० च्या बिनठशाच्या पोर्सिलेनचं. तिथे नक्षी आम्ही शेवटी बघतो. नक्षी कोणीही उचलायचं; फुटलेल्या नगाची जोड दुसऱ्याच कारखान्यातून करून घ्यायचीही पद्धत होती. घाटाचीही नक्कल व्हायची, पण कानाचं वळण, झाकणाचं बोंड आणि तोटीचं बूड हुबेहूब जमत नसे.

झाकण काढून आत टॉर्च मारायचा. तोटीच्या मुळाशी चहापत्ती अडवणारी भोकं असतात. ती ओल्या मातीत हाताने पाडलेली, त्यामुळे एखादं कमीजास्त होतंच. आकड्यापेक्षा मांडणी महत्त्वाची. विक्रेते नेमका हाच फोटो सोडून बाकी सगळे पाठवतात!

मग तळावरचा, रंगाने लिहिलेला नक्षीचा नंबर. न्यू हॉल या इंग्लिश पोर्सिलेन कारखान्यात त्याआधी बरेचदा 'एन' किंवा 'नंबर' लिहीत. '२/' असा अपूर्णांकी नंबर दिसला की न्यू हॉल सोडून कोलपोर्ट, रिजवे या दुसऱ्या कारखान्यांकडे वळायचं. नंबराने कारखाना ठरतो त्यापेक्षा बाद जास्त होतात.

सगळ्यात जास्त फसवतं झाकण. ते दुसऱ्याच किटलीचं असतं. दिवसाच्या उजेडात दोन्ही शेजारी धरली की झिलईची झाक वेगळी दिसते. तोटीचं टोक नवं बसवलं असेल तर अतिनील दिव्याखाली वरचा रंग वेगळा चमकतो.

खात्रीच्या नगाशी घाट, कान आणि भोकं तिन्ही जुळली तरच बिलावर 'न्यू हॉल'. दोनच जुळली तर 'न्यू हॉल धाटणीची', आणि भाव उतरतो. अनोळखी कारखान्यांना अभ्यासकांनी एक्स, वाय, झेड अशी अक्षरं दिली होती. त्यातला एक्स आता कीलिंगचा मानतात. आमच्या जुन्या बिलांवर तो अजून एक्सच आहे.