सोडलं का काढलं?

लातुरात लग्नाच्या पंगतीत बसलो की वरण वाढायच्या आधी प्रश्न येतो : "साहेब, मुंबईचं चॅनल, एवढी मोठी पोस्ट... सोडलं का काढलं?" आजवर 'आईची तब्येत' सांगून वेळ मारून नेली. आई ठणठणीत आहे. तुम्हीही तेच विचारलंत म्हणून एकदाच लिहून टाकतो.

२०२१ साली माणसं कमी करायची यादी निघाली, तीत माझं नाव होतं. म्हणजे काढलं. पण मी भांडलो नाही. आधीच्या दोन याद्या मीच केल्या होत्या, नाव कसं वगळून घ्यायचं ते मला ठाऊक होतं. मग गप्प का बसलो? याचं उत्तर मला २०१६मध्ये सापडतं. कधी कधी तिथंही सापडत नाही.

तो उन्हाळा तुम्हाला सांगायला नको. मांजरा धरण कोरडं, पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी. मी चॅनलचा डिजिटल हेड होतो. यूट्यूबवर काय जाणार, कुठल्या मथळ्यानं, कुठलं थंबनेल, म्हणजे वरचं चित्र, लावून, हे ठरवणारा. १२ एप्रिलला मिरजेहून लातुरात रेल्वेनं पाणी आलं. दहा वाघिणी, पाच लाख लिटर. टीव्हीवर दिवसभर तीच गाडी. यूट्यूबवर मात्र ती चालेना. वाघिणी नुसत्या उभ्या, माणसं बघणार काय? स्ट्रिंगरनं, म्हणजे बातमीमागे पैसे घेणाऱ्या तिथल्या वार्ताहरानं, आदल्या आठवड्यात एका गल्लीतला शॉट पाठवला होता, तो पडून होता. टँकर, घागरी आणि एकमेकींच्या झिंज्या धरलेल्या दोन बाया. मी मथळा दिला, 'पाण्यासाठी महिला भिडल्या'. थंबनेलला नेमका पदर पडतानाचा क्षण घेतला. रात्रीपर्यंत गाडीच्या सगळ्या व्हिडिओंना मिळून आले नव्हते एवढे व्ह्यूज त्या एकाला.

त्यातली एक माझी चुलत वहिनी होती. मला ओळखू आली नाही, असं मी सांगत असतो. खरं म्हणजे मी चेहरा बघितलाच नव्हता.

एप्रिलात आमच्या गल्लीत कुणी तो पाहिला नाही, नेटपॅक कुणाला परवडत होतं? सप्टेंबरात जिओ आलं आणि व्हिडिओ घरोघरी पोचला. वहिनीचा फोन आला. रडली नाही, ओरडली नाही. "भावजी, तुमचंच चॅनल हाय ना? काढता येतंय का ते?" म्हटलं, बघतो. काढायला दोन क्लिक लागतात. पण तो आमच्या सगळ्यात जास्त चाललेल्या व्हिडिओंत होता, म्हणून बघतच राहिलो. वर दर उन्हाळ्यात टँकर सुरू झाले की डेस्क तोच शॉट 'फाइल', म्हणजे जुनं चित्रण, म्हणून लावायचा. २०१९ला तिचा परत फोन : "दरसाली भांडायलेय का मी, भावजी?"

आता म्हणाल, तुम्हीच नालायक. थांबा. खोटं काय दाखवलं? भांडण झालंच होतं, कुणी लावून दिलं नव्हतं. २०१५च्या ऑक्टोबरपर्यंत खेड्यातली घरं टीआरपीच्या मोजणीतच नव्हती. मीटर शहरात, म्हणून बातमीही शहराची. मीटिंगमध्ये मराठवाडा म्हटलं की पहिला प्रश्न, 'किती मेले?' असल्या लोकांपुढं लातूर रेटायचं तर झिंज्याच दाखवाव्या लागत. हे मी तेव्हा म्हणायचो, आजही म्हणतो. बातम्यांनी रेटलं म्हणून पाणी आलं, असंही म्हणायचो. पण तो व्हिडिओ मी गाडी पोचल्यावर टाकला होता, तेव्हा हा मुद्दा काही टिकत नाही.

शेवटच्या दिवशी पासवर्ड परत करायच्या आधी तो काढला. तोवर चारजणांनी उचलून आपापल्या नावानं टाकला होता. आजही शोधलात तर सापडेल. शोधू नका.

मागच्या महिन्यात वहिनीच्या थोरल्यानं शेतीचं यूट्यूब चॅनल काढलं. मला विचारत होता, काका, व्ह्यूज कशानं येतात? मी अर्धा तास समजावत बसलो. पहिले दहा सेकंद, मथळा, थंबनेल. वहिनी आत भाकरी थापत होती. ऐकत असणार.