पिणं आणि झोपणं यांच्यातली पाच मिनिटं

अंगावर पिताना बाळाचा डोळा लागतो तो लाडावल्यामुळे नाही. दूध पोटात गेलं की बाळाच्या आतड्यात कोलेसिस्टोकायनिन हे संप्रेरक वाढतं आणि त्याने गुंगी येते. शिवाय रात्रीच्या दुधात मेलाटोनिन असतं, दिवसाच्या दुधात ते जवळपास नसतंच. तेव्हा पिऊन झोपणं ही बाळाच्या शरीराने लावलेली सोय आहे. त्या सोयीचा घरात कुणालाच त्रास होत नसेल, तर काहीही बदलू नका. हे सगळं लिहिलंय ते दर तासाला उठून पाजणाऱ्या आणि दिवसभर डोळे चोळत वावरणाऱ्या आयांसाठी.

दर तासालाच का? बाळाच्या झोपेचं एक आवर्तन साधारण ५० मिनिटांचं असतं. प्रत्येक आवर्तनाच्या शेवटी बाळ जरासं वर येतं, अर्धवट जागं होतं आणि परत खाली जातं. मोठ्या माणसांचंही तसंच असतं, आपल्याला सकाळी आठवत नाही एवढंच. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात झोपेची घडण बदलते आणि हे वर येणं जास्त ठळक होतं. म्हणून आधी छान झोपणारं बाळ त्या सुमारास अचानक उठायला लागतं. आता झोप लागताना तोंडात स्तन होता, गालाला ऊब होती, आणि वर आल्यावर पाहावं तर पाठीखाली थंडगार चादर. बाळ रडणारच. त्याला बहुतेक वेळा भूक नसते. झोप लागली तेव्हा जे होतं, तेच त्याला परत हवं असतं.

म्हणून बदलायचं ते इतकंच: झोपेची शेवटची पायरी बाळाने स्वतःच्या अंथरुणावर चढावी. दूध तोडायचं नाही, फक्त झोपण्याआधीच्या कामांच्या रांगेत थोडं पुढे आणायचं. रात्रीचं पाजणं बंद करणं हे याहून वेगळं काम आहे. दोन्ही एकदमच हाती घेतली की घरात रडारड होते आणि चौथ्या रात्री सगळं जिथल्या तिथे येतं.

सुरुवात चार महिन्यांच्या आधी नको. बाळ वेळेआधी जन्मलेलं असेल, तर वय डॉक्टरांनी दिलेल्या बाळंतपणाच्या अपेक्षित तारखेपासून मोजा. वजन नीट वाढत असावं आणि दिवसाला सहा तरी लंगोट ओले होत असावेत. सर्दी, ताप, कानदुखी यातलं काही चालू नसावं. वजनाबद्दल जरा जरी शंका असली, तरी आधी बाळाच्या डॉक्टरांना विचारा. आणि सहा-सात महिन्यांचं अंगावरचं बाळ रात्री एक-दोनदा, कधी तीनदाही, खरोखर भुकेने उठतं. ते तसंच चालू राहू द्यायचं.

रात्र सुधारायची तर दिवसापासून धरावं लागतं. चौथ्या-पाचव्या महिन्यापासून बाळाला जगाची गंमत वाटायला लागते. दाराचा आवाज आला की तोंड सुटलं, पंख्याकडे पाहिलं, दोन घोट घेतले आणि झालं. दिवसा असं अर्धपोटी राहिलेलं बाळ हिशोब रात्री चुकता करतं. दिवसातली तीन-चार पाजणी तरी अंधाऱ्या, शांत खोलीत करा. मोबाइलही नको, बाळ त्याच्या उजेडाकडे वळतं. एवढ्यानेच एखादं रात्रीचं उठणं कमी झालेलं दिसू शकतं.

दुसरी गोष्ट वेळेची. चार ते सहा महिन्यांचं बाळ साधारण दीड ते अडीच तास जागं राहू शकतं, सहा ते नऊ महिन्यांचं दोन ते तीन तास. पण घड्याळापेक्षा चेहरा बघा. नजर एका जागी खिळते, हालचाल मंदावते, भुवया लालसर होतात, हात कानाकडे जातो, ती वेळ बरोबर. पाठ कमानीसारखी ताणून बाळ कर्कश रडायला लागलं की वेळ टळली. दमून गेलेलं बाळ जास्त गाढ झोपत नाही, उलट लवकर उठतं. ‘दिवसा झोपू देऊ नका, रात्री झोपेल’ हा सल्ला म्हणूनच उलटतो.

आता रांग. आधी सगळे ज्या क्रमाने करतात तो असा: अंग पुसणं, कपडे बदलणं, दिवा मंद, दूध, झोप. यात दूध उचलून पुढे घ्या. दूध, मग ढेकर, मग लंगोट बदलणं, झोपेचे कपडे, तीच ती अंगाई, अंथरूण. पूर्ण क्रम २० ते ३० मिनिटांत आटपला पाहिजे, लांबवलात तर बाळ दमतं. दूध आणि अंथरूण यांच्यात सुरुवातीला पाच मिनिटं पुरतात. पाजताना खोलीत थोडा उजेड असू द्या आणि दिवा नंतर मालवा, म्हणजे अंधार हा दुधाचा नाही, झोपेचा इशारा होतो. लंगोट मध्ये घालण्याचं कारण सरळ आहे: त्याने पेंगुळलेलं बाळ जरासं जागं होतं.

पण काही बाळं मधली पाच मिनिटं मुळीच मान्य करत नाहीत. त्यांच्यासाठी स्तन तोंडातून काढण्याची रीत जमवावी लागते. चोखणं ऐका. दूध येत असताना साधारण सेकंदाला एक ओढ, आणि मध्ये मध्ये गिळण्याचा हलका ‘क्क’ आवाज. पोट भरलं की ओढी उथळ आणि जलद होतात, सेकंदाला दोन, हनुवटी नुसती थरथरते आणि गिळणं ऐकू येत नाही. हीच वेळ. मुठी सैल व्हायला लागलेल्या असतात, पण पूर्ण उघडलेल्या नसतात. स्वच्छ करंगळी ओठांच्या कोपऱ्यातून हिरड्यांच्या मध्ये सरकवा, पकड सुटेल, मग स्तन बाजूला घ्या. नुसता ओढू नका, बाळ आणखी घट्ट धरतं आणि स्तनाग्राला चिरा पडतात. सुटल्यावर तर्जनीने हनुवटी खालून हलकेच वर धरा, तोंड मिटलेलं राहील. बाळ तोंडाने शोधायला लागलं, तर दहा सेकंद थांबून बघा. थांबत नसेल तर परत द्या, आणि चोखणं मंदावलं की पुन्हा काढा. पहिल्या रात्री हे पाच-सहा वेळा करावं लागेल. आठवड्याभरात बहुतेक बाळं मान स्वतःच बाजूला वळवतात. सगळ्यात चुकतं ते इथेच: बाळ पूर्ण झोपेपर्यंत वाट बघितली जाते आणि मग काढलं जातं. त्यात शिकायला काही उरत नाही, कारण झोप अंगावरच लागलेली असते.

खाली ठेवण्यातही एक खुबी आहे. डोकं आधी टेकवलं, तर पडल्याचा भास होतो, हात फाकतात आणि बाळ दचकून जागं होतं. हा दचका चार ते सहा महिन्यांत मावळतो. तोवर क्रम उलटा: बाळाला आपल्या अंगाला चिकटवून वाका, आधी पाय, मग बूड, मग पाठ, शेवटी डोकं. आपली छाती लगेच दूर नेऊ नका. एक हात बाळाच्या छातीवर, दुसरा कुशीला, आणि मनात वीसपर्यंत मोजून मग एकेक हात उचला. बाळ नेहमी पाठीवर, गादी सपाट आणि टणक, अंथरुणात उशी, सैल पांघरूण, मऊ खेळणं यातलं काहीही नाही. गुंडाळून झोपवत असाल, तर बाळ कुशीवर वळू पाहायला लागताच ते बंद.

पुढे पायऱ्या उतरायच्या. आधी पेंगुळलेलं बाळ ठेवून थोपटत झोपवा. तीन-चार रात्रींनी थोपटणं मंद करा आणि डोळे मिटण्याआधी हात नुसता ठेवा. मग हातही नाही, शेजारी बसून फक्त ‘शूऽऽ’. मग तोही आवाज नाही. एक पायरी जमल्याशिवाय पुढची नको, आणि एका वेळी एकच. सगळं मिळून दोन ते चार आठवडे धरा.

रडण्याचं काय? किरकिर आणि रडणं यांत फरक करायला शिका. किरकिर चढते-उतरते, मध्ये श्वासापुरती थांबते, बाळ मुठीशी चाळा करतं. तिथे एक-दोन मिनिटं हात लावू नका, पुष्कळदा ती झोपेकडेच चाललेली असते. आवाज चढतच गेला, की उचला. उचलल्याने बाळ बिघडत नाही. शांत झालं की झोप लागण्याआधी परत खाली ठेवा. दहा मिनिटांत जमत नसेल, तर सरळ पाजून झोपवा, उद्याची रात्र आहेच. ही दहा मिनिटं मात्र आधीच ठरवून ठेवा. चाळीस मिनिटं रडवून मग पाजलं, तर चाळीस मिनिटं रडल्यावर मिळतं, एवढंच बाळ शिकेल.

मध्यरात्रीच्या उठण्यांत, शेवटच्या पाजण्यानंतर दीड-दोन तासांतच बाळ उठलं, तर आधी घरातल्या दुसऱ्या कुणीतरी थोपटून बघावं. आईच्या अंगाला दुधाचा वास असतो, बाळाने तो हुंगला की तडजोड संपते. शी केली नसेल तर लंगोट बदलू नका, दिवा लावू नका, बोलू नका. आणि एक गोष्ट निक्षून: रात्री सोफ्यावर किंवा खुर्चीत टेकून पाजू नका. दमलेल्या आईचा तिथे डोळा लागला, तर बाळ फटीत घसरून गुदमरण्याचा धोका असतो.

एखादं रात्रीचं पाजणं खरोखर कमी करायचं झालं, तर दर दोन रात्रींनी एक-दोन मिनिटं कमी करा. एकदम बंद केलं तर छाती दाटते, गाठी होतात, ताप येऊन स्तनदाहही होऊ शकतो. दाटलंच, तर हाताने आराम पडण्यापुरतंच दूध काढा, रिकामं करू नका, नाहीतर शरीर तितकंच पुन्हा बनवतं. आणखी एक मुद्दा सहसा कुणी सांगत नाही. बाळ सहा महिन्यांच्या आतलं आहे, फक्त अंगावर पितंय आणि पाळी आलेली नाही, या भरवशावर गर्भनिरोधनाचं दुसरं साधन वापरत नसाल, तर पाजण्यांतलं अंतर दिवसा चार आणि रात्री सहा तासांपुढे गेलं की तो भरवसा धरता येत नाही.

दात, लसीनंतरचा ताप, प्रवास, रांगायला शिकणं, आठव्या ते दहाव्या महिन्यात आई नजरेआड झाली की होणारी घालमेल, या काळात शिकलेलं विसरल्यासारखं वाटतं. तेव्हा हवं तसं पाजा. बरं वाटल्यावर दोन पायऱ्या मागून सुरुवात केली, की दुसऱ्यांदा लवकर जमतं.

दिवसाच्या डुलक्या सगळ्यात शेवटी घ्या. दिवसा झोपेची ओढ कमी असते, उजेड असतो, आवाज असतो. रात्री जमायला लागल्यावर सकाळची पहिली डुलकी निवडा, ती सगळ्यात सोपी. संध्याकाळची शेवटची डुलकी पुढचे कित्येक आठवडे अंगावर किंवा कडेवरच लागली तरी चालेल.