निळ्या दगडांपाशी

तफ्राउत, मोरोक्को, रात्री साडेनऊ

पाय भरून आलेत, पण आजचं आजच लिहून ठेवते.

सकाळी अगर्द औदाद गावातून चालत निघाले. नेपोलियनची टोपी म्हणतात तो थोरला खडक मागे पडला, बदामाची झाडं विरळ झाली आणि मग नुसता ग्रॅनाइट. घराएवढे गोलसर दगड, एकमेकांवर रचून ठेवल्यासारखे. खरं तर मी त्यांच्याकडे धड बघतही नव्हते. ऊन चुकवत, पायाखालची वाट बघत चालले होते. मान वर केली आणि समोर निळा. आकाशाहून गडद, अख्खाच्या अख्खा दगड निळा. त्यामागे आणखी एक, पलीकडे जांभळा.

हे ज्याँ वेराम या बेल्जियन चित्रकाराचं काम, १९८४ सालचं. सुमारे १८ टन रंग लागला म्हणतात आणि मदतीला मोरोक्कोचे अग्निशमन दलाचे जवान होते. बंबाच्या पाइपातून रंग! त्याआधी १९८०-८१मध्ये, इजिप्त आणि इस्रायलचा तह झाल्यावर, त्याने सिनाईच्या वाळवंटात असेच खडक निळे केले होते. पुढे १९८९मध्ये चाडमधल्या तिबेस्ती डोंगरांत. उमेदीची वर्षं या माणसाने अशा जागी घालवली, जिथे चित्र बघायला कोणी सहज फिरकणार नाही. याचं मला फार अप्रूप वाटतं.

तरी येताना मनात राग होताच. आपल्याकडे गडांच्या तटावर ऑइलपेंटने लिहिलेली नावं पुसायच्या मोहिमांना मी गेले आहे. तो रंग दगडाच्या छिद्रांत किती खोल जाऊन बसतो, हे माझ्या बोटांना ठाऊक आहे. मग एकाने केला तो विद्रूपपणा आणि दुसऱ्याने केली ती कला, हे कसं? परवानगी होती, हे उत्तर मला पुरत नाही. दगडाला कोणी विचारलं होतं?

सावली धरून तासभर बसले, मग जवळ जाऊन हात लावला. मूळ रंग उन्हाने विटला होता, नंतर हे दगड पुन्हा रंगवले गेले. एका कडेला नव्या निळ्याखालून जुना, फिकट, राखेकडे झुकलेला निळा डोकावत होता. मला तोच जास्त आवडला. शेजारी तळहाताएवढा पोपडा सुटला होता. रंगाचाच नव्हे, दगडाचाही. ग्रॅनाइट कांद्यासारखे पापुद्रे टाकतो, तसा तो रंगासकट निघाला होता. आत कोरा, खरबरीत, गुलाबी दगड. नखाएवढे अभ्रकाचे कण चमकत होते. बोट फिरवलं तर गरम.

काल ताझ्का गावाजवळ खडकात कोरलेलं हरिण पाहिलं होतं, प्रागैतिहासिक काळातलं. कोरणाऱ्याने दगडातलं थोडं काढून घेतलं, म्हणून ते राहिलं. वेरामने वरून चढवलं, ते दगड हळूहळू उतरवून टाकतो आहे. त्या पोपड्याशी माझा राग बराच निवळला. पूर्ण नाही. नव्याने रंग चढवायला नको होता असं अजून वाटतं.

पण परतीच्या वाटेवर जे झालं ते लिहायलाच हवं. सकाळी ज्या दगडांजवळून मी मान खाली घालून गेले होते, तेच दगड आता इतके गुलाबी दिसायला लागले की मी मधेच थांबले. एकावर पिवळसर शेवाळाचा ठिपका, एकाच्या खाचेत वाळून कोळ झालेलं गवत, एकाची पाठ जवळजवळ केशरी. तासभर निळं बघून डोळे तयार झाले होते. सकाळी मला हा रंग दिसलाच नव्हता.

सूर्य उतरला तसा डोंगर लाल झाला. कॅमेरा काढलाच नाही.

उद्या पहाटे पुन्हा जाणार आहे, उन्हं यायच्या आत. निळा सावलीत कसा दिसतो ते बघायचं राहिलंय.