दिएन बिएन फू: उडी भारी, जागा चुकली

व्हिएतनाम म्हटलं की सगळे अमेरिकेवरच जातात, पण त्याआधी फ्रेंचांनी काय करून ठेवलं ते वाचा एकदा. २० नोव्हेंबर १९५३, फ्रेंचांची हवाई मोहीम, ऑपरेशन कॅस्टर. धुकं विरल्यावर डाकोटा विमानांतून पॅराट्रूपर्स वायव्य व्हिएतनाममधल्या दिएन बिएन फूच्या खोऱ्यात उतरले, फ्रेंच अधिकारी बिजारची बटालियन तर थेट व्हिएत मिन्हच्या, म्हणजे फ्रेंचांशी लढणाऱ्या व्हिएतनामी कम्युनिस्टांच्या, सैनिकांमध्येच, तरी संध्याकाळपर्यंत गाव ताब्यात. दुसऱ्या दिवशी फ्रेंच जनरल जिलनं स्वतः उडी मारली, एक डोळा काचेचा असलेला माणूस! उडी परफेक्टच हो, पण चारी बाजूंनी डोंगर आणि रसद सगळी विमानानं, असली जागा निवडतं कोण? फ्रेंच सरसेनापती नावार साहेब. व्हिएत मिन्हचा सेनापती जियापच्या लोकांनी तोफा ओढत त्याच डोंगरांवर चढवल्या, मार्चमध्ये धावपट्टी बंद पाडली आणि ७ मे १९५४ ला खेळ खलास.