स्वालबार्डची जलसफर : हिमनद्या, पक्ष्यांचे कडे आणि तीनशे मीटरांवरचे अस्वल

नॉर्वेच्या मुख्य भूमीच्या उत्तरेला, ७४ ते ८१ अंश उत्तर अक्षांशांच्या पट्ट्यात स्वालबार्ड हा द्वीपसमूह पसरला आहे. १९२० च्या करारान्वये त्यावर नॉर्वेची सत्ता आहे, त्याच्या जमिनीचा सुमारे साठ टक्के भाग हिमनद्यांनी व्यापलेला आहे आणि वस्त्यांना एकमेकींशी जोडणारे रस्ते तेथे नाहीत. त्यामुळे तेथील प्राणी आणि हिमनद्या पाहायच्या तर समुद्रमार्गे जाणेच सोयीचे. आम्ही जुलैच्या उत्तरार्धात लाँगइयरब्येन या मुख्य वस्तीतून निघालो आणि स्पिट्सबर्गेन बेटाचा पश्चिम व उत्तर किनारा पाहून पुढे हिन्लोपेन सामुद्रधुनीपर्यंत गेलो. या सफरींच्या बहुतेक जाहिरातींत ध्रुवीय अस्वल अग्रभागी असते. प्रत्यक्ष जाऊन आल्यावर मात्र, अस्वलाला केंद्रस्थानी ठेवून या सफरीचा बेत आखू नये, असे माझे ठाम मत झाले आहे.

याचे एक कारण कायदा आहे. १ जानेवारी २०२५ पासून लागू झालेल्या नियमांनुसार १ मार्च ते ३० जून या काळात अस्वलापासून किमान ५०० मीटर आणि उरलेल्या काळात किमान ३०० मीटर अंतर राखावे लागते. अस्वल त्याहून जवळ आढळल्यास जहाजाने वा होडीने मागे सरायचे असते. हे नियम मला योग्यच वाटले, परंतु जुन्या सफरींतील छायाचित्रे पाहून अपेक्षा बांधणाऱ्यांनी ते आधी माहीत करून घ्यावेत. आम्हाला अस्वल दिसले ते खडकाळ किनाऱ्यावर, आणि पहिली काही मिनिटे तर अर्ध्या प्रवाशांना ते सापडतच नव्हते. अस्वलाचा रंग पांढराशुभ्र नसून पिवळसर असतो. हिमावर त्याच पिवळसरपणामुळे ते ओळखू येते, पण उन्हाळ्यातल्या उघड्या खडकांत हलले नाही तर दगडच वाटते. साध्या मोबाईलने या अंतरावरून काहीही हाती लागत नाही, आणि ४०० मिलिमीटरच्या लेन्सनेही छायाचित्रात अस्वल लहानच येते. दुर्बिणीतून मात्र ते थांबून वास घेते, समुद्रशैवल चघळते, पुन्हा चालू लागते, हे सारे स्वच्छ दिसते. म्हणून प्रत्येक प्रवाशाची स्वतःची दुर्बीण हवी. दोघांत एक नेली तर ऐन वेळी एकाला नुसते वर्णन ऐकावे लागते. हलत्या डेकवर दहापट मोठे करून दाखवणाऱ्या दुर्बिणीपेक्षा आठपटीची अधिक स्थिर राहते.

स्वालबार्डमध्ये माणसांपेक्षा अस्वले जास्त, हे वाक्य जहाजावर हमखास कानी पडते. त्यासाठी सांगितला जाणारा तीन हजारांचा अंदाज संपूर्ण बॅरंट्स समुद्राच्या परिसरातील अस्वलांचा आहे, आणि त्या परिसराचा मोठा भाग रशियाकडे येतो. तेव्हा एखाद्या सफरीत एकही अस्वल न दिसणे शक्य आहे, हे गृहीत धरूनच निघावे.

हिमनद्यांच्या बाबतीत अशी अनिश्चितता नाही. लीफ्डेफियॉर्ड या फियॉर्डच्या (जमिनीत खोल शिरलेल्या चिंचोळ्या खाडीच्या) टोकाशी असलेली मोनॅको हिमनदी, विसाव्या शतकाच्या आरंभी या भागाच्या सर्वेक्षणाला बळ देणाऱ्या मोनॅकोच्या राजपुत्र पहिल्या आल्बर्टच्या नावाने ओळखली जाते. तिच्यासमोर आम्ही रबरी झोडिअॅक होड्यांतून बराच वेळ काढला. हिमनदीचे बर्फ निळे दिसते, कारण वर्षानुवर्षांच्या दाबाने त्यातील हवेचे बहुतेक बुडबुडे दबून नाहीसे झालेले असतात आणि असे घट्ट बर्फ प्रकाशातील तांबडा भाग शोषून घेते. नुकत्याच तुटलेल्या जागी हा निळा रंग सर्वांत गडद असतो. होडीचे इंजिन बंद केले की पाण्यावर तरंगणाऱ्या तुकड्यांतून सतत तडतड ऐकू येते. बर्फात दाबाखाली कोंडलेली हवा ते वितळताना फुटून बाहेर पडत असते, त्याचा हा आवाज.

बर्फाचा कडा कोसळताना पाहायचा असेल तर आवाजाच्या दिशेने मान वळवण्यात अर्थ नाही. एक किलोमीटर अंतरावरून आवाज पोहोचायला जवळजवळ तीन सेकंद लागतात, तोवर बहुतेक सर्व घडून गेलेले असते. त्याऐवजी कड्याचा एखादा फुगलेला, भेगाळलेला भाग निवडून त्यावरच नजर ठेवावी. मोठा तुकडा पडण्याआधी पुष्कळदा तेथून बारीक चुरा गळू लागतो. तुकडा पडल्यावर उठणारी लाट काही वेळाने होडीपर्यंत येते, म्हणून मार्गदर्शक होडी बरीच दूर ठेवतात आणि लाट येताना तिचे नाक लाटेकडे वळवतात. आणखी जवळ जाण्याचा आग्रह धरणारे प्रवासी प्रत्येक होडीत एखाददुसरे असतातच. त्यांचे न ऐकणारा मार्गदर्शक चांगला समजावा. हिमनदीच्या तळातून गोडे पाणी जिथे उसळून वर येते तिथे समुद्र मातकट दिसतो आणि त्या पाण्याबरोबर वर आलेले सूक्ष्म जीव टिपायला किटिवेक पक्ष्यांचे थवे जमतात. जहाजावरच्या नकाशापटलावर एका ठिकाणी आमचे जहाज चक्क हिमनदीवरून चाललेले दाखवले जात होते. नकाशा तयार झाला त्यानंतर हिमनदीचे तोंड इतके मागे हटले होते.

माझ्या दृष्टीने या सफरीतील सर्वांत मोठा ठेवा हिन्लोपेनमधला आल्केफ्येलेट हा कडा ठरला. डोलेराइट खडकाचे उभे स्तंभ समुद्रातून शंभर मीटरहून उंच गेले आहेत आणि त्यांच्या अरुंद कंगोऱ्यांवर ब्रुनिक गिलेमॉट पक्ष्यांच्या हजारो जोड्या दाटीवाटीने राहतात. हा पक्षी घरटे बांधत नाही. उघड्या खडकावर एकच अंडे घालतो, आणि त्या अंड्याचे एक टोक निमुळते असते. पिल्लू साधारण तीन आठवड्यांचे झाले की नीट उडता येत नसतानाच कड्यावरून समुद्राच्या दिशेने झेप घेते आणि त्याच्यासोबत पाण्यावर जातो तो बाप. जे पिल्लू पाण्यापर्यंत पोहोचत नाही, त्याच्यासाठी खाली कोल्हे आणि मोठे कुरव टपून असतात. ही झेप पाहायची तर जुलैअखेर ते ऑगस्टचा पूर्वार्ध हा काळ धरावा. १ एप्रिल ते ३१ ऑगस्ट या काळात अशा कड्यांपासून ५०० मीटरांच्या आत पाच नॉटांपेक्षा (ताशी सुमारे नऊ किलोमीटरांपेक्षा) अधिक वेगाने जाता येत नाही, त्यामुळे होडी अगदी सावकाश चालते. कड्याखाली वर पाहताना तोंड मिटलेले ठेवावे आणि कॅमेऱ्यावर आच्छादन घालावे, ही सूचना विनोदाने दिली जात असली तरी ती गंभीरपणे घ्यावी.

वॉलरस या लांब सुळ्यांच्या समुद्री सस्तन प्राण्याच्या दर्शनाची शक्यता चांगली असते. नॉर्वेने १९५२ मध्ये त्यांच्या शिकारीवर बंदी आणली तेव्हा येथे ते फारच थोडे उरले होते. आता पुन्हा त्यांचे कळप किनाऱ्यांवर विसावलेले आढळतात. ऐंशी अंशांच्या किंचित उत्तरेला असलेल्या मोफेन बेटाजवळ १५ मे ते १५ सप्टेंबर या काळात ३०० मीटरांच्या आत जाता येत नाही, म्हणून ते जहाजावरूनच पाहावे लागते. आर्क्टिक सुरय पक्ष्याच्या घरट्याजवळून नकळत गेलो तर तो डोक्यावर चोच मारतो. तो सर्वांत उंच बिंदूवर झेपावतो, तेव्हा काठी डोक्याच्या वर धरून निमूटपणे आल्या वाटेने परतावे.

वायव्य टोकाशी स्मेरेनबर्ग येथे सतराव्या शतकात डच व्हेलशिकाऱ्यांचा तळ होता. चरबी वितळवण्याच्या भट्ट्यांची वर्तुळे अजून दिसतात. १९४६ पूर्वीच्या सर्व मानवी अवशेषांना कायद्याचे संरक्षण आहे, म्हणून तेथे काहीही हलवू वा उचलू नये. न्यू-ऑलेसुंड या संशोधन वस्तीत भारताचे २००८ मध्ये सुरू झालेले ‘हिमाद्री’ केंद्र आहे आणि १९२६ मध्ये नॉर्वेचा ध्रुवसंशोधक आमुंडसेन ज्या वायुनौकेतून उत्तर ध्रुवावरून गेला ती जिथे बांधली होती तो मनोराही उभा आहे. तेथील संवेदनशील उपकरणांमुळे मोबाईलचे वाय-फाय आणि ब्लूटूथ जहाजावर असतानाच बंद करावे लागते.

आता जहाजाच्या निवडीविषयी. द्वीपसमूहाच्या जमिनीचा जवळजवळ दोनतृतीयांश भाग संरक्षित आहे, आणि संरक्षित क्षेत्रांत दोनशेहून अधिक प्रवासी असलेल्या जहाजांना प्रवेश नाही. तेथे किनाऱ्यावर उतरण्यासाठीही ४३ ठिकाणेच ठरवून दिलेली आहेत. शंभराच्या आसपास किंवा त्याहून कमी प्रवासी असलेले जहाज महाग पडले तरी तेच घ्यावे, कारण मोठ्या जहाजावर प्रवाशांचे गट पाडून पाळीपाळीने उतरवतात आणि किनाऱ्यावरचा वेळ घटतो. मे-जूनमध्ये हिम आणि समुद्रबर्फ अधिक असते, पण अनेक फियॉर्ड गोठलेले असतात आणि तो गोठलेला बर्फ फोडून जाण्यास मनाई आहे. पक्षी आणि उघडे जलमार्ग यांसाठी जुलै-ऑगस्ट उत्तम. छापील कार्यक्रमपत्रिका केवळ इरादा म्हणून वाचावी: धुके, वारा किंवा किनाऱ्यावर अस्वल दिसणे, यांपैकी काहीही झाले तरी उतरणे रद्द होते. सशस्त्र मार्गदर्शक आधी किनारा तपासतात, मगच प्रवाशांना उतरवतात.

जुलैत तापमान साधारणपणे शून्याच्या वरच असते, पण होडीतील वाऱ्यामुळे थंडी बरीच जास्त लागते. लोकरीचे आतले कपडे, त्यावर उबदार थर, सर्वांत वर पाणी आत न येऊ देणारी पँट आणि जाकीट, आणि हातमोज्यांचे दोन जोड, इतके पुरते. उतरताना घोटाभर पाण्यात पाय टाकावा लागतो. बहुतेक जहाजांवर रबरी बूट मिळतात, त्याची खात्री आधी करावी. प्रवासाआधी कपडे, काठ्या, पिशव्या आणि वेल्क्रोच्या पट्ट्या साफ कराव्यात, कारण त्यांत अडकलेले बी वा माती तेथे पोहोचू द्यायची नसते. उन्हाळ्यात सूर्य मावळत नाही, त्यामुळे डोळ्यांवरची पट्टी झोपेसाठी उपयोगी पडते. समुद्र लागणाऱ्यांनी गोळी जहाज उघड्या समुद्रात शिरण्याआधीच घ्यावी.

स्वालबार्ड शेंगेन क्षेत्राबाहेर, म्हणजे अनेक युरोपीय देशांच्या सामाईक व्हिसा क्षेत्राबाहेर आहे. नॉर्वेतून तेथे जाऊन परत येताना शेंगेनमध्ये दुसऱ्यांदा प्रवेश होतो, म्हणून ज्यांना व्हिसा लागतो त्यांनी तो किमान दोन प्रवेशांचा घ्यावा. लाँगइयरब्येनचे रुग्णालय लहान आहे आणि गंभीर रुग्णांना विमानाने ट्रोम्सोला हलवावे लागते, तेव्हा विम्यात हा खर्च स्पष्ट शब्दांत नमूद असावा. सामान मागे राहिले तर जहाज थांबत नाही. एक दिवस आधी पोहोचावे, आणि औषधे, दुर्बीण व गरम कपड्यांचा एक संच हातातल्या पिशवीतच ठेवावा. त्या मोकळ्या दिवशी अस्वलापासून संरक्षणाची सोय असलेल्या मार्गदर्शकाशिवाय गावाची हद्द ओलांडू नये; तेथे लावलेल्या अस्वलाच्या पाट्या केवळ छायाचित्रांसाठी नाहीत.