बॅरलमध्ये चालतं ते इंजिन

मे महिन्याच्या शेवटी कृष्णाकाठच्या एका गावातून फोन आला. पूरबोटीचं इंजिन तपासायचं होतं आणि फॉर्मवर सही हवी होती. पावसाच्या तोंडावर अशा तपासण्या होतात. बहुतेक ठिकाणी इंजिन पाण्याच्या बॅरलमध्ये लटकवतात, दोरी ओढतात, धूर निघाला की फोटो काढतात आणि ‘सुस्थितीत’ वर खूण करतात. मला याची चीड येते. बॅरलमध्ये इंजिनावर भारच नसतो, तिथं अर्धं मेलेलं इंजिनसुद्धा गोड चालतं.

हे इंजिन ४० हॉर्सपॉवरचं, दोन सिलिंडरचं, टू-स्ट्रोक. २०१९ च्या महापुरात सांगलीत आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. तिथली धोक्याची पातळी ४५ आहे. त्या दिवसांत याच इंजिनावर अण्णांनी वाड्यावस्त्यांवरची माणसं बाहेर काढली. अण्णा पिढीजात नावाडी, आता सत्तरीला टेकलेत. त्याच पुरात ८ ऑगस्टला ब्रह्मनाळला बोट उलटली. आमच्या भागात बोटीचं काम हातात घेतलं की तो दिवस आठवतोच.

मी गेलो तेव्हा ग्रामपंचायतीसमोर बॅरल भरून तयारच होतं. अण्णांनी दोरी ओढली. दुसऱ्या ओढीला इंजिन सुरू. पोरांनी टाळ्या वाजवल्या.

“बंद करा,” मी म्हटलं.

आधी पेट्रोल काचेच्या बाटलीत काढलं. गेल्या पावसाळ्यापासून टाकीत पडून होतं. आताच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं आणि ते हवेतली ओल धरतं. बाटलीच्या तळाशी पाण्याचा थर स्पष्ट दिसत होता. हेच पुरात कार्ब्युरेटरमध्ये गेलं असतं तर भर प्रवाहात इंजिन बंद. पाऊस संपला की टाकी रिकामी करा, हे मी दरवर्षी सांगतो. कुणी करत नाही.

मग गिअर ऑइल. खालचा स्क्रू सोडला तर दुधाळ चहासारखं ऑइल आलं, म्हणजे सीलमधून पाणी आत शिरलंय. पंखा उतरवला, तर शाफ्टला मासेमारीच्या जाळ्याचा नायलॉन दोरा गुंडाळलेला. त्यानंच सील कापलं होतं. इंजिन थंड ठेवणारं पाणी वर ओढणारी रबरी चकती म्हणजे इंपेलर, त्याच्या पाकळ्या एका बाजूला वळून कडक झालेल्या. पुराच्या पाण्यात गाळ आणि वाळू असते, त्यात इंपेलर झिजतो, थंड करणारं पाणी वर चढत नाही आणि इंजिन आतून भाजतं. इथवरचं सगळं दुरुस्त होण्यासारखं होतं. सील आणि इंपेलर माझ्याकडे होते, मी लगेच बसवले.

शेवटी कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये पिस्टन किती दाब धरतो ते. दोन्ही प्लग काढले, वायरी बॉडीला टेकवून अर्थ केल्या, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवला, प्लगच्या भोकात गेज लावला आणि काटा थांबेपर्यंत दोरी ओढली. वरचा सिलिंडर चौरस इंचाला ११८ पौंड. खालचा ८४. पुन्हा घेतलं, ८५. दोन सिलिंडरमध्ये दहा टक्क्यांच्या वर फरक असला की मी थांबतो, इथं तीसच्या जवळ होता. खालच्यात चमचाभर ऑइल सोडून पाहिलं तर काटा शंभरच्या पुढं गेला, म्हणजे पिस्टनच्या रिंगा गेल्या. प्लगच्या भोकातून टॉर्च मारली. भिंतीवर उभे ओरखडे होते.

कव्हरच्या आतल्या बाजूला माझ्याच हातचं मार्करनं लिहिलेलं सापडलं: ‘२०२२ – १२०/११२’. तेव्हा मी ते पास केलं होतं, आणि ते बरोबरच होतं. मधल्या वर्षांत मला कुणी बोलावलं नाही. बॅरलवरच भागलं.

तरी बंधाऱ्याच्या वरच्या साठलेल्या पाण्यात सहा माणसं बसवून फुल थ्रॉटलवर नेलं. बारा मिनिटांत आवाज बसला, बोट जड झाली. माघारी येताना अण्णा हळूच म्हणाले, “खालचा ठोका कच्चा पडतोय. दोन वर्सं झाली.”

“मग सांगितलं का नाही?”

“सांगितलं असतं तर उचलून न्हेलं असतं. दुसरं कुठनं आलं असतं?”

फॉर्मवर दोनच चौकटी: सुस्थितीत आणि नादुरुस्त. मी ‘नादुरुस्त’ वर खूण केली आणि मागच्या कोऱ्या जागेत सगळे आकडे लिहिले. सरपंच नाराज झाले. “चालू इंजिन तुमी बंद म्हणून लिवलं,” म्हणाले. त्यांचंही खोटं नव्हतं. सिलिंडर बोअर करून ओव्हरसाइज, म्हणजे मोठ्या मापाचा, पिस्टन बसवायला लागेल, आणि या जुन्या मॉडेलचा पिस्टन जागेवर मिळत नाही. मी तीन ठिकाणी विचारलंय. आज जूनची बारा तारीख, अजून आलेला नाही. बदली इंजिन मागितलंय, तेही आलेलं नाही.

निघताना अण्णा गाडीपर्यंत आले. “मिस्त्री, पानी आलं आन् दुसरं न्हाईच मिळालं, तर दोरी ओढू का नको?”

मी बराच वेळ काही बोललो नाही. मग म्हटलं, “ओढा. पण चार माणसांच्या वर नको. थ्रॉटल अर्ध्याच्या खाली. गल्लीतल्या थांबलेल्या पाण्यात चालवा, मुख्य धारेत नेऊ नका. वल्ही आणि दोर बरोबर असू द्या. इंजिनाच्या बाजूच्या भोकातून पाण्याची धार येते, ती तुटली की लगेच बंद करा.”

त्यांनी मान हलवली आणि पुन्हा विचारलं, “चारच का?”

मी पुन्हा चारच सांगितलं. २०१९ ला एका खेपेत ते किती माणसं आणत होते, हे मला माहीत आहे. फॉर्म तालुक्याला गेला. त्यात ही चार माणसं नाहीत, अर्धा थ्रॉटल नाही. कव्हरच्या आत मात्र २०२२ च्या खाली मी नवी ओळ लिहून आलोय: ‘११८/८४’.