देव्हाऱ्यातले नाणे आणि दोन फिरोजशाह

खानापूर तालुक्यातील आमच्या मूळ घराच्या देव्हाऱ्यात, टाकांच्या शेजारी, चांदीचे एक नाणे अनेक पिढ्या पुजले जात आहे. लक्ष्मीपूजनाला ते दुधाने धुऊन त्याला हळदकुंकू वाहायचे, हा क्रम आज्जीने कधी चुकवला नाही आणि आईनेही मोडला नाही. घरात सारे त्याला ‘शिवराई’ म्हणत. शिवराई मात्र तांब्याची असते, तिच्यावर देवनागरीत ‘श्री राजा शिव’ आणि ‘छत्रपति’ अशी अक्षरे असतात, आणि आमच्या नाण्यावर तर कुंकवाच्या थराखाली अरबी वळणाच्या उभ्या रेषा दिसत होत्या. यंदाच्या दिवाळीनंतर ते नक्की कोणाचे, हे शोधायचे मी मनावर घेतले.

पहिल्यांदा गेलो तो गावातल्या एका सराफाकडे. त्याने नाणे कसोटीवर घासायला उचलले, तेव्हा मी त्याचा हात धरला. चिंच लावून चकचकीत करून देतो, नाहीतर आटवून करंडा करून देतो, असे तो आपुलकीनेच म्हणाला. पण चिंचेने काळपटपणाबरोबर अक्षरांच्या कडाही बोथट होतात आणि आटवलेले नाणे परत येत नाही. मी फक्त त्याचा काटा मागितला. वजन भरले १०.८४ ग्रॅम. मग काट्यावर पाण्याची वाटी ठेवून आकडा शून्यावर आणला आणि दोऱ्याला बांधलेले नाणे तळाला टेकू न देता पाण्यात बुडवले, तेव्हा काट्याने १.०४ दाखवले. वजनाला या आकड्याने भागले की धातूची घनता मिळते, ती आली १०.४ च्या आसपास. शुद्ध चांदीची १०.४९ असते, म्हणजे चांदी चोख होती.

एवढ्यावरच बऱ्याच शक्यता गळून पडल्या. आदिलशाही लारी म्हणजे दुमडलेली चांदीची तार, विजयनगरचे ‘तार’ नावाचे नाणे तर इवलेसे. मुघल रुपया साडेअकरा ग्रॅमच्या जवळ जातो. झिजून तो इतका उतरू शकतो, परंतु आमचे नाणे बाजारात फारसे फिरलेलेच नसावे, कारण अक्षरांच्या कडा अजून बोटाला लागतात. अकरा ग्रॅमच्या आतबाहेरचे चोख चांदीचे नाणे म्हणजे दिल्लीच्या किंवा दख्खनच्या सुलतानांचा टंका, हा अंदाज तिथेच पक्का होऊ लागला.

वाळलेले कुंकू काढायला मी नाणे रात्रभर डिस्टिल्ड वॉटरमध्ये ठेवले आणि सकाळी कडुलिंबाच्या बारीक काडीने, एकेक अक्षर करून, खाचा मोकळ्या केल्या. मोबाइलच्या बॅटरीचा उजेड बाजूने तिरपा पाडला की सावलीत अक्षरे उठून दिसतात. असे वीसेक फोटो घेऊन बेळगावातील एका निवृत्त उर्दू शिक्षकांकडे गेलो. त्यांनी काही क्षणांतच वाचले, ‘फिरोज शाह’. मी घरी येऊन हर्षभराने आईला सांगितले, आणि रात्री लक्षात आले की निव्वळ या नावावरून काहीच ठरत नाही. दिल्लीचा जलालुद्दीन फिरोज खिलजी (१२९०–१२९६), तिथलाच फिरोजशाह तुघलक (१३५१–१३८८) आणि दख्खनचा ताजुद्दीन फिरोजशाह बहमनी (१३९७–१४२२), असे तीन फिरोज समोर उभे राहिले. तुघलकाची बहुतेक नाणी तांबे-चांदीच्या मिश्रधातूची, म्हणून तो मागे पडला, उरले दोन.

निकाल लागला तो नावाने नव्हे, नावाआधीच्या बिरुदाने. ‘जलाल’ या शब्दाच्या शेवटी लाम हे अरबी अक्षर येते, म्हणजे ताठ उभा दांडा. आमच्या नाण्यावर त्या जागी दांडा नव्हताच. ओळीखाली पोट सोडलेले, उघड्या विळ्यासारखे जीम हे अक्षर होते, आणि त्याआधी एकटा अलिफ. ‘ताज’. गुरुजींनी भिंगातून पुन्हा पुन्हा पाहून ‘ताजुद्दुनिया वद्दीन’ असे स्पष्ट वाचले. दुसरी बाजूही तेच सांगत होती. खिलजी फिरोजच्या टंक्यावर खलिफा अल्‌-मुस्तासिमचे नाव असते, तेही मंगोलांनी त्याला १२५८ मध्ये बगदादेत मारल्यानंतर इतक्या वर्षांनी. आमच्या नाण्यावर कोणा खलिफाचे नाव नाही.

तेव्हा हा टंका ताजुद्दीन फिरोजशाह बहमनीचा, ज्याची राजधानी अहसनाबाद, म्हणजे आजचे कलबुर्गी. ठसा चकतीपेक्षा मोठा असल्यामुळे काठावरचा मजकूर जवळजवळ सारा बाहेर गेला आहे, म्हणून वहीत मी एक वर्ष न लिहिता ‘१३९७ ते १४२२’ एवढेच लिहिले.

त्या काळी बेळगाव बहमनींचे नव्हते. त्यांचा वजीर महमूद गवान याने इथला किल्ला घेतला तो १४७२ मध्ये. परंतु चांदी राज्याच्या शिवेशी थांबत नसे, व्यापारात ती वजनावर चालत असे. इतिहासकार फेरिश्ता तर असे सांगतो की, पहिल्या मुहम्मदशाह बहमनीच्या अमलात विजयनगर आणि वारंगळच्या राजांच्या चिथावणीने सराफ बहमनी नाणी आटवून टाकत, आणि त्यापायी सुलतानाने त्यांना देहदंड दिला. हे वाचल्यापासून त्या करंड्याची आठवण आली की माझ्या पोटात कालवते.

नाणे पुन्हा टाकांशेजारी ठेवले आहे. आईला सारे सांगितल्यावर तिने ते बराच वेळ तळहातावर धरले, आणि यापुढे कुंकू त्याच्यावर न वाहता त्याच्याखालच्या विड्याच्या पानावर वाहायचे, असे तिने आपणहून ठरवले.